बायबलची बांधणी: काम पाच तारे, वायदा शून्य

आईचं मराठी बायबल शहापुरातल्या एका बाइंडिंगवाल्याकडे टाकलं होतं. पाठ फाटलेली, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाची पानं सुटलेली. "पंधरा दिवसांत देतो" म्हणाले, लागले अडीच महिने. खानापूरहून चार खेपा, दर वेळी "पुढच्या सोमवारी या, ताई." त्याचे दोन तारे कापले.

काम मात्र बघाच. प्रत्येक जुस, म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, दोऱ्यानं शिवलेला, आणि समासातली आईची पेन्सिलीची अक्षरं जाऊ नयेत म्हणून कडा कापलीच नाही. पावसात खळ वाळत नाही, घाईनं दाबलं तर पानं कुबटतात, म्हणून थांबलो म्हणे. हे पहिल्याच खेपेला सांगायचं की!

चौथ्या खेपेला बसमध्ये अब्राहाम आठवत होता, देवानं संततीचं वचन देऊन वाट पाहायला लावलेला. देवाच्या सांगण्यावरून हारान गाव सोडलं तेव्हा 75 वर्षांचा, मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 चा. मधे बायकोला, सारेला, धीर धरवला नाही, तिनं मूल व्हावं म्हणून दासी हागारेला पुढं केलं. माझाही धीर तेवढाच. पण देव खोटा सोमवार देत नाही, एवढा फरक.

घरी येऊन उत्पत्ती 21 उघडलं. इसहाकाच्या जन्माशेजारी आईनं माझी जन्मतारीख लिहिलीय. लग्नानंतर नऊ वर्षांनी झाले मी.

450 रुपये घेतले. पावसाळ्यात देऊ नका.