आईला विसरायला होतंय: आधी जनुक चाचणी की स्मृती चाचणी?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या नात्यात हाच वाद चालू आहे. मावशी न्यायमंदिराहून घरी येताना गल्ली चुकली, आणि मुलांनी थेट 'एपीओई' या अल्झायमरच्या (स्मृती हरवत जाण्याच्या आजाराच्या) धोक्याशी जोडलेल्या जनुकाची तपासणी शोधायला घेतली.

ही तपासणी रक्तातून किंवा लाळेतून होते. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचे ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार. ई४ची एक प्रत असली तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेत. पण ई४ असूनही अनेकांना आजार होत नाही, आणि नसतानाही होतो. मावशी आज गल्ली का चुकली, हे त्यातून कळणार नाही. शिवाय तो निकाल मुलांच्याही वारशाबद्दल बोलतो, तेव्हा त्यांची तयारी आहे का, हे आधी विचारा.

स्मृती चाचणी दहा-पंधरा मिनिटांची, कागद-पेन्सिलची. पाच शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मात्र ती मराठीतच घ्यायला सांगा. गुजरातीत अडखळली तर गुण उगाच कमी पडतील. गुण कमी आले तर डॉक्टर बी-१२, थायरॉइड, नैराश्य, ऐकू येणं तपासतात. यातलं बरंच सुधारता येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी स्मृती चाचणी. मात्र पुढे लेकॅनेमॅबसारखं अल्झायमरवरचं औषध द्यायचं ठरलं, तर त्यामुळे मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका जोखायला एपीओई तपासण्याचा सल्ला दिला जातो.