आमराईतलं फुकट तपासणीचं टेबल

आण्णा ७४ वर्षांचे. आई गेल्यापासून रात्री दोन-अडीचला त्यांचा डोळा उघडतो, तो मग काही लागत नाही. गेल्या महिन्यात सांगलीच्या आमराईत सकाळी फिरायला गेले, तर पांढरे कोट घातलेली दोन पोरं टेबल मांडून बसलेली. फुकट बीपी, फुकट शुगर. मग आण्णांच्या मुठीत एक दांडी दिली, मोबाईलवर काटा फिरवला. "आजोबा, तुमचं मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, १८ टक्केच राहिलंय. असंच चाललं तर सगळं विसरायला लागाल." मेलाटोनिनच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स, ७,५०० रुपये. पेन्शन नुकतीच जमा झालेली. घरी कुणाला न विचारता देऊन आले.

मेलाटोनिन खोटं नाही, म्हणूनच माणूस फसतो. अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी ते सोडते, वयाबरोबर ते कमीही होतं. पण मुठीतून ते मोजता येत नाही. रक्त किंवा लाळ लागते, तीही रात्रीच्या वेळी मंद उजेडात घेतलेली. दिवसा उजेडी ते कमीच असणार, विशीतल्या पोराचंसुद्धा!

डबीवर एका गोळीत १० मिलिग्रॅम लिहिलेलं, आणि रोज दोन घ्यायला सांगितलेल्या. युरोपात ५५ च्या पुढच्यांसाठी २००७ मध्ये मंजूर झालेली गोळी २ मिलिग्रॅमची आहे. आण्णा दिवसभर पेंगायला लागले. आम्हाला वाटलं, वय झालं. नवव्या रात्री बाथरूमला उठले आणि तोल जाऊन पडले. खुबा वाचला, पण महिना झाला तरी काठीशिवाय पाऊल टाकत नाहीत.

विश्रामबागच्या डॉक्टरांनी आधी रोजची औषधं बघितली. बीपीची एक गोळी लघवी वाढवणारी, ती आण्णा रात्री जेवून घ्यायचे! ती सकाळी घ्यायला लावली, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, संध्याकाळचा चहा बंद केला. आता चारपर्यंत झोपतात.

डबीवरचा परवाना क्रमांक ११ आकडी. अन्न परवान्याचा १४ आकडी असतो. बॅच नंबर नाही, पावती नाही, फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे.

आण्णांच्या समोर आणखी पाच-सहा जणांनी पैसे दिले होते. कुणाच्या घरी निळ्या झाकणाची ती डबी असेल, तर गोळ्या थांबवून डबी आपल्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आजच.