जर्मनीसाठी कन्सल्टन्सी: जाण्याआधी मार्कशीटची मागची बाजू वाचा

रेटिंग ५ पैकी २. पुण्यातलीच कन्सल्टन्सी आहे, नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

मी २०१४ चा मेकॅनिकल पासआउट, ६३ टक्के. आता हसाल, पण आमच्याकडे ६३ म्हणजे घरी पेढे आणले होते राव, निम्म्या वर्गाचे बॅक राहिलेले, काहींचा वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) बसला आणि टॉपरला किती तर ७८! आता जर्मनीत मास्टर्स करावं असं डोक्यात आलं म्हणून गेलो.

ऑफिस चकाचक, एसी, कॉफी पण मिळाली. मॅडमनी मार्कशीट बघितली, एक्सेलमध्ये दोन आकडे टाकले आणि म्हणाल्या, "सर ३.२२ येतंय, पब्लिक युनिव्हर्सिटीचं विसरा," आणि लगेच प्रायव्हेटचं ब्रोशर समोर. काउन्सेलिंग फ्री का असतं ते तिथंच कळलं.

घरी येऊन मीच गणित मांडलं. मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात त्याला, काही अवघड नाही, १०० मधून आपले मार्क वजा करायचे, त्याला १०० वजा पासिंगने भागायचं, तिप्पट करायचं आणि १ मिळवायचा. तिकडे १ म्हणजे बेस्ट आणि ४ म्हणजे काठावर पास. मॅडमनी पासिंग ५० धरलेलं. माझ्या मार्कशीटच्या मागे स्पष्ट छापलंय, पासिंग ४०! म्हणजे ३७ भागिले ६०, आकडा येतो २.८५. फोन करून सांगितलं तर म्हणतात, "आमच्या सिस्टिममध्ये ५० च आहे सर." सिस्टिम कसली, एक्सेलच की ते.

आता २.८५ पण काही भारी नाही, बरेच कोर्स २.५ मागतात आणि तेवढं यायला ७० टक्के लागतात. आमच्या टॉपरचाच आकडा २.१ येतो, आणि माझा मावसभाऊ ऑटोनॉमस कॉलेजचा, १० पैकी ८.५ सीजीपीए, पासिंग ४, त्याचा आरामात १.७५. म्हणजे पेपर कडक तपासले त्याचा दंड आम्हीच भरायचा, कारण फॉर्म्युल्याला फक्त कमाल आणि पासिंग कळतं, वर्गात तुम्ही कितवे होतात ते नाही. पण ३.२२ आणि २.८५ मध्ये फरक आहे ना, २.५ ची अट नसलेल्या कोर्सना अप्लाय तरी करता येतं.

एक स्टार एपीएसच्या (आपली मार्कशीट, डिग्री खरी आहे का ते तपासून जर्मनीसाठी मिळणारं सर्टिफिकेट) फॉर्मसाठी, रिसेप्शनवरच्या ताईंनी कागदांची यादी नीट समजावून दिली, एकही कागद परत आणायला लागला नाही. दुसरा कॉफीचा.

मॅडमचा मेसेज अजून येतो, दर सोमवारी. आता आयर्लंड चालेल का विचारतायत.