पीबिल्डर की एसबिल्ड?

डेबियन या लिनक्स प्रणालीचं पॅकेज सांभाळायचं म्हणजे, कोडला हात लावलेला नसला तरी ते अजून बिल्ड होतंय का, म्हणजे कोडपासून तयार होतंय का, हे अधूनमधून बघावंच लागतं. पायथन ३.१२मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेजिंगचं मॉड्यूल गेलं, सीमेक या बिल्डच्या साधनाने ४.०मध्ये स्वतःच्या ३.५आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता काढून टाकली. कालपर्यंत नीट होणारं पॅकेज आज अडतं. बिल्ड न होणं हा 'सीरियस' दर्जाचा बग, तो रेंगाळला तर पॅकेज टेस्टिंगमधून, म्हणजे डेबियनची पुढची आवृत्ती जिथे घडते त्या शाखेतून, बाहेर पडतं.

पीबिल्डर आणि एसबिल्ड ही दोन्ही वेगळ्या, स्वच्छ सिस्टिममध्ये पॅकेज बिल्ड करून बघणारी साधनं. ही तपासणी मी चारेक वर्षं पीबिल्डरने केली, आता एसबिल्डने करतो.

पीबिल्डरबद्दल मला अजून आपुलकी आहे, ती त्याच्या हुक्समुळे, म्हणजे ठरावीक टप्प्यावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट्समुळे. बिल्ड फसलं की नाव 'सी'ने सुरू होणारा हुक चालतो. त्यात शेल उघडून ठेवली की जिथे फसलं तिथेच, सगळ्या फाइल्स जागच्या जागी असताना, मेक ही बिल्डची आज्ञा पुन्हा चालवून बघता येते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही. एसबिल्डमध्येही हे जमतं, पण ते सेटिंग शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

मला नडली ती बेस.टीजीझेड, म्हणजे पीबिल्डर ज्यात बिल्ड करतं त्या स्वच्छ सिस्टिमची साठवलेली प्रत. ही फाइल ताजी ठेवायला पीबिल्डर अपडेट आपणच आठवणीने चालवायचं. सिड या डेबियनच्या सगळ्यात ताज्या शाखेत जीसीसी या कंपायलरची १५वी आवृत्ती आली तेव्हा माझ्या बेसमध्ये १४च होतं. एका जुन्या सी प्रोग्रॅमच्या हेडरमध्ये 'टाइपडेफ इंट बूल' अशी ओळ होती. माझ्याकडे बिल्ड विनातक्रार झालं, मी अपलोड केलं, आणि बिल्ड मशीनवर ते लगेच पडलं. जीसीसी १५ वेगळं काही सांगितलं नाही तर सी२३ हे सी भाषेचं नवं मानक धरून चालतं, आणि सी२३मध्ये बूल हा कीवर्ड, म्हणजे भाषेचाच राखीव शब्द, आहे. विसरलो मीच, हे मान्य. पण जे तपासायला बसलो होतो तेच तपासलं गेलं नव्हतं, ही गोष्ट मनाला लागली. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये अपडेट टाकता येतं. मी टाकलं होतं, पण नेमका त्या वेळी लॅपटॉप बंद असायचा.

एसबिल्ड बिल्डच्या आधी अपडेट आणि डिस्ट-अपग्रेड स्वतःच करतं, म्हणजे आतली पॅकेजेस ताजी करून घेतं. डेबियनची बिल्ड मशीन्सही तेच वापरतात, त्यामुळे इथे झालं तर तिथेही होईल असा बराचसा भरवसा वाटतो. त्याच्या अनशेअर मोडमध्ये सुडोची, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारांचीही, गरज नाही. लॉगच्या शेवटी 'स्टेटस' आणि 'फेल-स्टेज' अशा ओळी येतात. मी रात्री बारा पॅकेजेस लावून झोपतो, सकाळी लॉगमध्ये एकदा शोध (ग्रेप) घेतला की कळतं की कोणतं अडलं आणि कंपाइल होताना अडलं की त्याला लागणारं दुसरं पॅकेजच (डिपेंडन्सी) मिळालं नाही.

इंटरनेट मंद असेल तर दर वेळचं हे डाउनलोड जाचेल. मी घरच्या जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलंय, ते एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून पुन्हा देतं. पहिली फेरी रेंगाळते, पुढच्या बहुतेक लवकर उरकतात.