पीआयडी-5 प्रश्नावली: साठीपुढच्यांसाठी कितपत कामाची?

स्वभावातले त्रासदायक गुणविशेष मोजणारी, अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनची ही प्रश्नावली फुकट मिळते. 220 विधानं, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, त्यांतून 25 गुणविशेष आणि पाच मोठे गट. व्यक्तिमत्त्व विकारांसाठी इतकं तपशीलवार साधन फुकटात, म्हणजे तक्रारीला जागा कमीच. पण वयस्कांचा वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचा असेल, तर तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नये.

गोची गुणांच्या अर्थात आहे. जोडीदार गेलेल्या सत्तरीतल्या बाईंचे 'जवळीक टाळणे' या गुणविशेषाचे गुण वाढले, तर तो स्वभाव की परिस्थिती, हे आकड्यावरून कळत नाही. 'कशातच आनंद न वाटणे' याच्यात नैराश्य मिसळतं. सगळ्यांत फसवं 'लक्ष विचलित होणे'. ते असंयमाच्या गटात मोजलं जातं. पुढच्या फेरीत माणूस बेजबाबदार झाल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. म्हणून दर फेरीला नैराश्याची आणि स्मरणशक्तीची छोटी चाचणी सोबत हवीच. गटाचा आकडा त्यातल्या तीन मुख्य गुणविशेषांच्या सरासरीने निघतो, तेव्हा आधी ते तीन सुटे बघावेत.

25 विधानांच्या छोट्या आवृत्तीत नेमकं हेच जमत नाही, कारण तिच्यात गुणविशेष निघतच नाहीत. पहिल्या फेरीला मोठी आणि पुढे छोटी, असं तर मुळीच करू नये. मोठी दमवते, हे खरं. दोन बैठकांत भरून घ्यावी, ठळक अक्षरांत छापावी.

गुण देताना 16 विधानं उलटी मोजायची असतात, म्हणजे 0 चे 3 आणि 3 चे 0. एखाद्या गुणविशेषातली 25 टक्क्यांहून जास्त उत्तरं कोरी असली, तर तो गुणविशेष बाद. 'जवळीक टाळणे'मध्ये सहाच विधानं आहेत आणि त्यांत लैंगिक संबंधांचा विषय येतो. संकोचाने दोन सोडली की संपलं. कागद परत घेतानाच कोऱ्या जागा तपासाव्यात.

जवळच्या माणसाने भरायची 218 विधानांची आवृत्ती मात्र जरूर घ्यावी. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 55 ते 64 वयाच्या सुमारे 1,600 लोकांवर जो दीर्घ अभ्यास केला, तो डीएसएम-5 (याच संघटनेची मनोविकारांच्या निदानाची पुस्तिका, जिच्यासोबत ही प्रश्नावली आली) येण्याआधीच सुरू झाला होता, त्यामुळे त्यांची साधनं वेगळी. पण मुलाखत, स्वतःचं उत्तर आणि ओळखीच्या माणसाचं उत्तर अशी तिहेरी मांडणी त्यांनी सुरुवातीपासून ठेवली. फक्त सांगणारा माणूस दर फेरीला तोच असावा. आधी नवरा आणि नंतर सून असं झालं, तर बदल कुणात झाला ते सांगता येणार नाही.