डास की मधमाशी: प्रथिनं कुठून?

आमच्या खानापुरात सकाळी शेवग्यावर मधमाश्या, दिवस कलला की हौदापाशी डास. ताकदीसाठी दोघींना फुलांचा गोड रस चालतो. खरा फरक प्रथिनांचा.

डासाची मादी ती रक्तातून घेते, मुख्यतः अंड्यांसाठी. नर चावतच नाही. गंमत म्हणजे माणसाच्या रक्तात आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्यातला एक घटक) कमी, त्यामुळे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तायची अंडी गिनीपिगच्या रक्तावर जास्त होतात. एवढे निकस असूनही ती आपला पिच्छा सोडत नाही!

मधमाशीची प्रथिनं मात्र परागातून. तिला 10 आवश्यक अमिनो आम्लं लागतात. नुसता मक्याचा पराग पुरत नाही, नाना फुलं हवीत. म्हणून पेट्या ठेवायच्याच तर निपाणीकडच्या सलग उसापेक्षा आमचं रान बरं.