मेहरूण तलावावरचा रनिंग फॉर्मचा क्लास: नवख्यांनी थांबा, जुन्यांनी जरूर जा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू नुकतं पळायला लागलेल्यांसाठी नाही. आमच्यासारखे जे बरीच वर्षं पळतायत, दरवर्षी त्याच गुडघ्याला आइसपॅक लावतायत आणि टायमिंग काही केल्या कमी होत नाही म्हणून गजर बंद करून परत झोपायला लागलेत ना, त्यांच्यासाठी आहे. जळगावात मेहरूण तलावाजवळ शनिवार-रविवार पहाटे हा क्लास चालतो, दोन महिन्यांची बॅच, फी अडीच हजार. घरच्यांचं म्हणणं की पळायला कोणी पैसे देतं का भाऊ, आणि खरं सांगू तर मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी पळवलंच नाही. सरांनी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये बाजूने आणि मागून व्हिडिओ काढला आणि बाकावर बसवून दाखवला. पाय गुडघ्याच्या बराच पुढे जाऊन पडतोय, म्हणजे प्रत्येक पावलाला आपणच आपल्याला ब्रेक मारतोय. मला वाटलं आता सांगतील की टाचेवर पडू नको, पंजावर पळ, कारण यूट्यूबवरचे सगळे तेच सांगतात. तर नाही! म्हणे टाच आधी टेकते की पंजा यापेक्षा पाय शरीराच्या किती पुढे टेकतो ते बघ. त्यांनी एका अभ्यासाचं सांगितलं, मी घरी येऊन शोधला तर खरंच आहे, २००७ साली छापलेला, जपानमधल्या एका हाफ मॅरेथॉनला १५ किलोमीटरपाशी कॅमेरा लावून बघितलेलं आणि त्यातले साधारण ७५ टक्के रनर टाचेवरच पडत होते, आणि ती काही गल्लीतली रेस नव्हती, एलिट लेव्हलची होती. उलट एकदम पंजावर पळायला गेलं की सगळा लोड पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो, चाळिशीनंतर ती शीर दुखावली तर महिनोन्‌महिने घरी बसा.

मग दुरुस्ती काय, तर फक्त कॅडन्स, म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात ते. उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजायचं आणि चारने गुणायचं. माझे ३९ आले, म्हणजे १५६. मी लगेच म्हटलं मग १८० करायचे ना? तर सर हसले. तो १८० चा आकडा जॅक डॅनियल्स या अमेरिकन कोचने १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये पळणाऱ्यांची पावलं मोजली तिथून आलाय, रेसच्या स्पीडला पळणारे जगातले भारी लोक ते, आपण तलावाला चकरा मारणारे. आपण आपल्याच आकड्यावर पाच टक्के वाढवायचे, बस. म्हणजे १६४. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिक टिक करणारं अ‍ॅप, लावायचा, टिक टिक ऐकत सुरुवातीला एक-दोन मिनिटंच पळायचं, मग नेहमीसारखं, मग परत. स्पीड वाढवायचा नाही, पावलं फक्त छोटी करायची. पहिले काही दिवस शिवणयंत्र झाल्यासारखं वाटतं आणि तलावावर फिरायला आलेल्या काकू बघून हसतात, पण नंतर मुरतं. गुडघ्याची कुरकुर माझी तरी बरीच कमी झाली, आणि मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या थोडी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो हे अभ्यासातही दिसलंय, म्हणजे नुसता माझ्या मनाचा खेळ नाही.

क्लासचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे ते बाकी काही सुधारत बसत नाहीत. माझा उजवा हात छातीसमोर आडवा जातो, म्हटलं हा पण सरळ करू का, तर म्हणे राहू दे. ब्रिटनची मॅरेथॉन रनर पॉला रॅडक्लिफ आयुष्यभर मान हलवत पळाली आणि २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा महिलांचा मॅरेथॉन वर्ल्ड रेकॉर्ड करून गेली, तो २०१९ पर्यंत कोणाला तुटला नाही. एका वेळी एकच गोष्ट. सोबत आठवड्यातून दोनदा काफ रेज (उभ्याने टाचा वर-खाली करायचा पोटरीचा व्यायाम) आणि एका पायावरचे स्क्वॉट, ते बोअर आहेत पण करावेच लागतात.

आता मोटिव्हेशनचं. इथे भाषणं नाहीत, देवाची कृपा. एज ग्रेडिंग शिकवतात. म्हणजे तुमच्या वयाच्या जगातल्या बेस्ट टायमिंगशी तुमचं टायमिंग टक्क्यांत ताडून बघायचं, मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सवाल्यांचे (म्हणजे वयस्क खेळाडूंच्या स्पर्धा घेणाऱ्यांचे) तक्ते आहेत, ऑनलाइन कॅल्क्युलेटर फुकट मिळतात. माझा हाफ दहा वर्षांपूर्वीपेक्षा चांगलाच स्लो झालाय पण टक्के जवळपास तेवढेच निघाले! त्या एका आकड्याने जे केलं ते कुठल्याच मेडलने केलं नव्हतं. दुसरं म्हणजे मार्च ते जून पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली ते, बघायचाच नाही. बरोबरच आहे, इथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, रात्रीसुद्धा भिंती गरम, त्यात थंडीतला पेस काढायला गेलं तर हार्टबीट भलतीकडेच. बोलता येईल इतकंच पळायचं आणि वहीत किलोमीटरऐवजी किती मिनिटं पळालो आणि कसं वाटलं ते लिहायचं. वही माझी चालू आहे, घड्याळ उन्हाळाभर कपाटात.

तक्रारी आहेतच. बॅच फार मोठी, त्यामुळे दुसऱ्या व्हिडिओला माझ्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटं आली. उन्हाळ्यातही सहाची वेळ, अरे आपल्याकडे सात वाजता डांबर तापायला लागतं, पाचला घ्या ना! शेवटच्या रविवारी एक शूजवाला आणून बसवला, तळव्यात कार्बनची पट्टी असलेले, रेससाठीचे पंधरा-सोळा हजारांचे शूज दाखवत होता, तेही आत्ताच पावलं छोटी करायला शिकलेल्या लोकांना, मला ते अजिबात पटलं नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्युट करूनच ठेवा, गुड मॉर्निंग आणि मेडलचे फोटो. क्लासनंतर केळी मात्र पोटभर देतात, जिल्हा केळीचा आहे म्हटल्यावर त्यात कंजूषी चालणारही नाही.

पाचपैकी चार स्टार. जायचंच असेल तर दिवाळीनंतरची बॅच घ्या, हवा गार असते, मेहरूणची बोरंही तेव्हाच येतात, आणि पहिल्या दिवशी लवकर पोचून व्हिडिओसाठी नंबर आधी लावा.